मामाच्या पेलिकनचा अडकलेला दट्ट्या

६ जुलै २०२४, शनिवार

मिरजेला गेलो होतो, मामीनं मामाचं फाउंटन पेन दिलं. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होतं. सोबत दोन चष्मे, एक स्लाइड रूल आणि मामाच्या अक्षरातलं एक न पाठवलेलं आंतरदेशीय पत्र. "तुझ्याकडं लेथ आहे, तूच बघ काय ते," म्हणाली. या कामात लेथचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचा, उपयोग शून्य, हे तिला सांगितलं नाही.

पेन म्हणजे पेलिकन या जर्मन कंपनीचं १२०. मामा १९६४ साली ट्रेनिंगला जर्मनीत होता, तेव्हा घेतलेलं. हिरवी नळी, काळं टोपण, काळी घुंडी, पेलिकनच्या चोचीसारखी क्लिप. कंपनीनं हे मॉडेल १९५५ मध्ये शाळकरी पोरांसाठी काढलं. याचं थोरलं भावंड १४०, त्याला सोन्याची निब. याला स्टीलची, वर सोन्याचा मुलामा. दुकानात दोन्ही समोर असताना मामानं स्वस्तातलं उचललं असणार, यात मला तिळमात्र शंका नाही.

तपासणी. नळीला तडा नाही. टोपणाचे आटे शाबूत. निबचा मुलामा टोकाकडं उडालाय, पण दोन्ही पाकळ्या सरळ आहेत. शाई दिसायची खिडकी काळीकुट्ट. मागची घुंडी पाव फेरासुद्धा फिरत नाही. अंगठा आणि तर्जनी एवढ्याच जोरावर बघितलं आणि थांबलो. तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्निंग केल्यावर हात आपोआप पकडीकडं जातो. पक्कड खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. थट्टा नाही, खरंच लावलं.

७ जुलै, रविवार

या पेनात रबरी पिशवी नाही, काडतूस नाही. नळी हीच टाकी. आत दट्ट्या, मागं घुंडी. घुंडी उलटी फिरवली की दट्ट्या निबकडं जातो, सुलटी फिरवली की मागं सरकतो आणि शाई ओढतो. सायकलच्या पंपासारखंच, फक्त ढकलण्याऐवजी फिरवायचं.

दट्ट्या अडकायची कारणं मोजकीच. शाई वाळून दट्ट्याच्या टोकाचं सील नळीच्या भिंतीला चिकटलं, सील कोरडं पडलं, नाहीतर आतली दांडी तुटली. तिसरं असेल तर काम संपलं. पहिल्या दोहोंवर पाणी हाच पहिला उपाय.

काचेच्या छोट्या ग्लासात बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घेतलं. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे क्षारांचा कारखाना, गीझरची कॉइल दोन वर्षं टिकत नाही. ते या पेनात जाऊ देणार नाही. निब बुडेल आणि गळ्याचा थोडा भाग बुडेल एवढंच पाणी, पेन उभं टेकवून ठेवलं. पाणी साधं, गरम नाही. निबखालची जीभ, शाई निबपर्यंत नेते ती, एबोनाइटची म्हणजे कडक रबराची आहे. गरम पाण्यात एबोनाइट तपकिरी पडतं आणि जुन्या प्लास्टिकचा आकार बदलायची भीती वेगळीच.

दहा मिनिटांत निबच्या चिरेतून निळ्या शाईचा एक धागा सुटला आणि सरळ तळाशी गेला. बघत बसलो. चहा गार झाला.

९ जुलै, मंगळवार

पाणी सहा वेळा बदललं. आधी निळं, मग राखाडी, आता तळाशी काळे कण बसतात. घुंडी जागची हलत नाही.

आज निब काढली. या पेनांत निब, जीभ आणि भोवतीची कडी हे सगळं मिळून एक युनिट असतं आणि ते गळ्यात आट्यांवर बसवलेलं असतं. कडी साध्या प्लास्टिकची, साठ वर्षांची, आणि सुकलेल्या शाईनं जखडलेली. नुसती निब धरून पिळली तर निब फिरते, जीभ जागीच राहते आणि कडी तडकते. म्हणून निब वरून आणि जीभ खालून एकदम चिमटीत धरायची, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. घड्याळाच्या उलट दिशेनं. पहिल्यांदा दाद दिली नाही. परत अर्धा तास पाण्यात ठेवलं आणि परत धरलं. कट्ट असा बारीक आवाज आला. माझा श्वासच अडकला. पण तो शाईची खपली सुटल्याचा आवाज होता. साडेतीन फेऱ्यांत युनिट हातात.

युनिट वेगळ्या वाटीत ठेवलं. आता समोरून नळीत थेट बघता येतं. मोबाइलच्या टॉर्चनं बघितलं: भिंतीला काळपट तपकिरी थर, आणि खोल तळाशी दट्ट्याचं तोंड. म्हणजे दट्ट्या पूर्ण मागं ओढलेल्या स्थितीत अडकलाय. मामानं शाई भरली, आणि मग ते पेन कुणीच रिकामं केलं नाही.

१० जुलै, बुधवार

थर कशाचा हे आंतरदेशीय पत्रानं सांगितलं. अक्षरं आता काळपट तपकिरी दिसतात, कडेला तांबूस. ही रॉयल ब्लू नव्हे, जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक: लोखंडाचा क्षार आणि मायफळातलं टॅनिन यांची शाई. मायफळ म्हणजे तेच, बाळगुटीत उगाळतात ते. लिहिताना ती फिकी असते, हवेनं काळी होते, आणि एकदा काळी झाली की पाण्यात विरघळत नाही. कागदावर हा गुण, पेनाच्या पोटात हाच दोष.

पेनवाले लोक साध्या शाईच्या घट्ट डागांवर पाण्यात थोडा अमोनिया घालून धुतात. इथं तो चालणार नाही; अल्कली पाण्यात लोखंड उलट जास्तच बसतं. इथं लागतं आम्ल, तेही सौम्य. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. ते लोखंडाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं. औषधाच्या दुकानात चघळायच्या गोळ्या पुढं केल्या, पण त्यांत साखर आणि संत्र्याचा स्वाद. पेनात सरबत करायचं नव्हतं. केमिकलच्या दुकानातून शुद्ध पावडर आणली, शंभर ग्रॅमची बाटली. लागणार एक ग्रॅम. उरलेली बायकोनं मुरांब्यासाठी मागितली. लॅबची पावडर आहे, खायची नाही, असं सांगितल्यावर तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती इथं लिहिण्यासारखी नाही.

एक ग्रॅम पावडर, शंभर मिली बॅटरीचं पाणी. सिरिंजनं नळीत भरलं. निब आणि जीभ यात घातली नाही. स्टीलला आम्लात उगाच का ठेवायचं. अर्ध्या तासानं ओतलं तर चहासारखं पाणी. परत भरलं. चार वेळा केल्यावर खिडकी हिरवी दिसायला लागली. ती हिरवी आहे हे मला आजच कळलं.

१३ जुलै, शनिवार

फिरली!

तीन दिवस नळीत साधं पाणी भरून पेन तोंड वर करून उभं ठेवलं होतं, म्हणजे पाणी सीलवर बसून कडेकडेनं झिरपेल. आज संध्याकाळी घुंडी हलकी पुढं-मागं केली, कुलपात किल्ली अंदाजानं हलवतात तशी. केसभर हलली. मग दोन केस. जोर दोन बोटांचाच. पाऊण तासानं पूर्ण फेरा. दट्ट्या खिडकीत आला तेव्हा बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, "बरं," म्हणाली आणि गेली.

आता यंत्र नीट बघता आलं. घुंडी उलटी फिरवली की ती बाहेर उठते, पण थोडीशीच, काही मिलिमीटर. तेवढ्यात दट्ट्या मात्र त्याच्या कितीतरी पट पुढं जातो. आत दोन आटे आहेत. घुंडीला जोडलेल्या पोकळ दांड्याच्या बाहेरून एक, तो नळीत पक्क्या बसवलेल्या बुशमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या कडीत, फिरतो. त्याच दांड्याच्या पोटात दुसरा, त्यात दट्ट्याचा दांडा. दट्ट्याच्या दांड्याला सपाट बाजू आहेत, त्यामुळं तो गोल फिरू शकत नाही, फक्त सरकतो. दोन्ही आटे उजवेच, पण आतल्याचं पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकायचं अंतर, मोठं. एका फेऱ्यात बाहेरचा आटा सगळ्यालाच थोडं मागं नेतो, आतला दट्ट्याला बरंच पुढं ढकलतो. जी वजाबाकी उरते ती दट्ट्याची चाल. डिफरन्शियल स्क्रू. हेच तत्त्व बारीक फीडसाठी मशीनवर वापरतात. तिथं दोन पिचमधला फरक मुद्दाम कमी ठेवतात, इथं मुद्दाम जास्त.

डोकं हंगेरीच्या थिओडोर कोवाच नावाच्या इंजिनिअरचं. पेटंट आधी झाग्रेबच्या पेन्काला कंपनीकडं होतं, तिथून ते हॅनोव्हरच्या ग्युंटर वाग्नर कंपनीकडं आलं, म्हणजे पेलिकनवाल्यांकडं. त्यांनी त्यावर १९२९ मध्ये आपलं पहिलं फाउंटन पेन काढलं. शाई आणि रंग बनवणारी कंपनी. पेन करायला उतरली ती थेट हे यंत्र घेऊन.

हे समजलं की घुंडीला जोर का लावायचा नाही तेही समजतं. सील जाम असेल तर सगळा पीळ त्या बारक्या प्लास्टिकच्या दांड्यावर येतो. पकडीनं मी तो दांडा तिसऱ्या सेकंदाला तोडला असता.

१४ जुलै, रविवार

दट्ट्या फिरतो, पण किरकिरत. कुठं सरकतो, कुठं अडतो. आज नळीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून दहा-बारा वेळा वरखाली केलं. बाहेर आलेल्या पाण्यावर तेलाचे डोळे तरंगत होते, रश्श्यावर असतात तसे.

वास घेतला. खवट खोबरं.

मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. १९८३, मे महिन्याची सुट्टी, मिरज. मी आठवीत. मामाचं पेन घट्ट फिरतं म्हणून मी बाथरूमच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि निब काढून आत चांगलं चार-पाच थेंब सोडलं. फिरायला लागलं. मी स्वतःवर खूश. मामा ऑफिसातून आला, पेन घेतलं, काही बोलला नाही. त्याला सांगितलंच नव्हतं मी.

खोबरेलाचं दुखणं दुहेरी. एक म्हणजे ते शाईत मिसळत नाही, जिभेच्या बारीक खाचांत जाऊन बसतं आणि शाईची वाट अडवतं. दुसरं, ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घराघरात माहीत आहे. म्हणजे मामाच्या पेनाचा दट्ट्या दर थंडीत मी थिजवत होतो.

रात्री मामीला फोन केला. हे पेन मामानं कधी बंद केलं, असं विचारलं. ती म्हणाली, "कधी काय, सगळ्यांनी बॉलपेन घेतलं तेव्हा त्यांनीपण घेतलं." त्र्याऐंशीनंतर का, असं विचारायची हिंमत झाली नाही.

१६ जुलै, मंगळवार

वंगण. इथं बाजारात खरा गोंधळ आहे, म्हणून सविस्तर.

पाहिजे ते शुद्ध सिलिकॉन ग्रीस: सिलिकॉनचं तेल, त्याला दाटपणा यायला सिलिकाची अतिबारीक पूड. पारदर्शक किंवा किंचित दुधी, वास नाही. पाण्यात विरघळत नाही, वाळत नाही, या सीलला किंवा प्लास्टिकला खात नाही. पाणबुडे टॉर्चच्या ओ-रिंगला लावतात ते हेच.

आता जे मिळतं ते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सिलिकॉन ग्रीस मागितलं तर पांढरी पेस्ट हातात ठेवतात. ती उष्णता वाहून न्यायची, ट्रान्झिस्टरखाली लावायची. तिच्यात झिंक ऑक्साइडसारखी पूड असते. पेनात घातली तर दट्ट्याला कानस लावल्यासारखं. हार्डवेअरमध्ये सिलिकॉन म्हटलं की सीलंटची ट्यूब देतात, व्हिनेगरच्या वासाची. ती वाळून रबर होते. पेन कायमचं बंद करायचं असेल तर उत्तम. सिलिकॉनचा स्प्रे मिळतो, पण त्यातलं द्रावक जुन्या प्लास्टिकचं काय करेल याची खात्री नाही. व्हॅसलीन पेट्रोलियमचं, रबर फुगवतं. आणि माझ्या दुकानातलं पिवळं लिथियम ग्रीस, डब्यातून बोटभर काढून बेअरिंगला थापतो ते. त्याचा विचार मनात आला होता हेही नोंदवून ठेवतो.

शेवटी कन्येला फोन. तिच्याकडं तैवानचं ट्विसबी इको आहे, २०१५ ला बाजारात आलेलं मॉडेल, तेही दट्ट्याचंच. त्या पेनासोबत डब्यातच एक पान्हा आणि सिलिकॉन ग्रीसची इवलीशी कुपी येते. पेन कसं खोलायचं ते कंपनीच सांगते. ती एकादशीला पुण्याहून येतेय, कुपी घेऊन.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

खिचडीचे हात दोनदा साबणानं धुऊन तिचं इको खोललं. तिचं म्हणणं, "बाबा, आधी माझ्यावर शिका, मग मामाआजोबांचं घ्या." पेनावर, असं म्हणायचं होतं तिला.

घुंडी उलटी फिरवली की घुंडी आणि नळीच्या मध्ये फट पडते. त्या फटीत पान्हा बसतो, फिरवला की मागचं सगळं यंत्र दट्ट्यासकट बाहेर. नळी पारदर्शक, त्यामुळं काय चाललंय ते दिसतं. सील पुसलं, नळी पुसली, कुपीतल्या ग्रीसचा ठिपका टूथपिकच्या टोकावर घेऊन सीलच्या दोन कडांवर फिरवला. परत जोडलं आणि घुंडी पूर्ण बंदच होईना, दोन मिलिमीटर बाहेर राहिली. दट्ट्याचा दांडा आट्यात चुकीच्या जागी पकडला गेला होता. परत खोललं. या वेळी खोलताना जेवढी फट होती तेवढीच ठेवून दांडा सरळ आत सरकवला, मग पान्ह्यानं आवळलं. बसलं. आवळतानाही हात आखडता. प्लास्टिकचे आटे आहेत, हेड बोल्ट नव्हे.

तिच्या पेनाला इतकंच. आवाज बंद, दट्ट्या गुळगुळीत.

पेलिकन १२० असं खोलायचं नसतं. मागचं यंत्र नळीत दाबून बसवलेलं आहे. पुढून ठोकून काढणारे लोक आहेत, नळीला तडा पाडणारेही तेच. सील अजून हवा धरतंय असं वाटतं, मग यंत्र काढायचं कारणच नाही. ग्रीस पुढच्या तोंडातून जाईल.

२० जुलै, शनिवार

पेलिकनला ग्रीस. दट्ट्या पूर्ण मागं, निब काढलेली, नळी आतून कोरडी केलेली. लांब काडीच्या टोकावर ग्रीस घेऊन आतल्या भिंतीवर गोल फिरवलं. एकदा. मग वाटलं, कमी झालं. परत एकदा. मग मनात आलं, चाळीस वर्षं कोरडं होतं बिचारं, आणखी थोडं.

घुंडी फिरवली. लोण्यातून सुरी जावी तसा दट्ट्या. पंधरा वेळा वरखाली केलं, कारणाशिवाय, नुसतं बरं वाटतं म्हणून.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

निब बसवली. कॅमलची रॉयल ब्लू भरली. खिडकी निळी झाली, पेन कागदावर टेकवलं.

श्री

एवढंच उमटलं. "श्री"ची वेलांटी पूर्ण व्हायच्या आत शाई बंद. झटकलं तर थेंब पडतो, लिहायला लागलं की कोरडं. निब शाईच्या बाटलीत बुडवून वर काढली तर शाई तिच्यावर पसरत नाही, मण्यांसारखी गोळा होते. कमळाच्या पानावरचं पाणी.

उत्तर हातातच होतं. दट्ट्या पूर्ण पुढं आला की भिंतीवरचं जादा ग्रीस पुढं खरवडून आणतो आणि जिभेच्या मागच्या टोकावर नेऊन ठेवतो. मी पंधरा वेळा नेऊन ठेवलं होतं. जिभेचं सगळं काम पाण्यानं ओलं होण्यावर चालतं. बारीक खाचांतून शाई आपल्या ओढीनं सरकते. ग्रीसनं ती ओढच मेली.

१९८३ ला खोबरेल, २०२४ ला सिलिकॉन. हात तेच.

२४ जुलै, बुधवार

तीन संध्याकाळी धुण्यात गेल्या. सिलिकॉन ज्या कारणासाठी चांगलं त्याच कारणासाठी निघत नाही. जीभ आणि निब कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणात, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं. खाचा उभ्या आहेत, ब्रशही उभाच चालवायचा. धुवायचं, निब बुडवायची, मणी होतात का बघायचं, परत धुवायचं. स्पिरिटचा मोह झाला, पण जुन्या प्लास्टिकच्या पेनांना स्पिरिट वर्ज्य, कडी तडकते. नवव्या वेळी शाई निबवर सपाट पसरली.

नळीतलं ग्रीस कापसाच्या काडीनं पुसून काढलं. पुसलं म्हणजे जवळजवळ सगळं. मग बोटानं घुंडी फिरवून बघितली आणि चाट पडलो: तितकीच गुळगुळीत. कापसानं पुसल्यावर भिंतीवर जो न दिसणारा पापुद्रा राहिला, तेवढंच त्याला हवं होतं. लेथच्या बेडवर तेल दिसलं पाहिजे, नाहीतर पोराला शिव्या बसतात. इथं ग्रीस दिसलं म्हणजे जास्त झालं.

२७ जुलै, शनिवार

पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची रेषा ओलांडली आहे. दुकान कालपासून बंद, माल वरच्या रॅकवर चढवला. घरी वीज ये-जा करते. मेणबत्तीच्या उजेडात पेनाच्या चाचण्या; बायकोच्या मते मला कुठल्या वेळी काय सुचेल याचा नेम नाही.

पहिली, ओढ. निब काढून नळीचं तोंड बोटानं घट्ट दाबलं आणि घुंडी सुलटी फिरवून दट्ट्या मागं ओढला. बोटाची कातडी आत ओढली गेली. एक मिनिट तसंच धरलं. सोडलं तेव्हा फट् असा आवाज, आणि बोटावर तोंडाच्या मापाचा लाल गोल. सील हवा धरतंय.

दुसरी, गळती. पाणी भरलं, निब वर करून पेन ग्लासात उभं केलं आणि घुंडीखाली टिश्यू पेपर गुंडाळला. सीलच्या मागं पाणी गेलं तर घुंडीच्या सांध्यातून तेच बाहेर येणार. शाईनं ही चाचणी करू नये, सील गेलेलं असेल तर शाई आट्यांत जाऊन बसते. उद्या बघू.

तिसरी, वजन. गुजरीत सराफांकडं असतो तसला छोटा काटा आहे माझ्याकडं, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. रिकामं आणि पाणी भरलेलं यांतला फरक पहिल्या भरण्याला १.०९ ग्रॅम. उलटं करून हवा बाहेर काढली आणि निब पाण्यात ठेवून परत ओढलं: १.३६. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली. पहिल्यांदा ओढताना जीभ आणि तिच्यामागची हवा जागा अडवते, म्हणून दोनदा भरायचं. मामा शाईच्या बाटलीत पेन दोनदा फिरवायचा ते आठवलं; मला तेव्हा ती त्याची लकब वाटायची.

२८ जुलै, रविवार

टिश्यू कोरडा.

३ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर रोज लिहिलं. दुकानाची चलनं, पुरात भिजलेल्या मालाची यादी, आणि या नोंदी. रेघ मध्यम, जरा ओली. टोपण न लावता पाच मिनिटं ठेवलं तरी पहिल्या अक्षराला चालू होते.

एक डाग शर्टाला लागला. पाव टाकी शाई उरलेली असताना पेन खिशात आणि मी दुपारभर भट्टीशेजारी. टाकीत हवा जास्त, ती तापून फुगली आणि तिनं शाई पुढं ढकलली. पेनाचा दोष नाही. भरून ठेवावं, नाहीतर खिशात ठेवू नये.

शाई रॉयल ब्लूच राहणार. धुवायला सोपी. मायफळाची शाई मला आवडते, पण ती रोज लिहिणाऱ्याची शाई आहे, डब्यात पेन टाकून विसरणाऱ्याची नव्हे. महिन्यातून एकदा साधं पाणी ओढून धुवायचं. ग्रीस तेव्हाच, जेव्हा घुंडी परत किरकिरेल. कॅलेंडर बघून नाही. आणि जाम वाटली तर आधी पाणी.

११ सप्टेंबर, बुधवार, गौरीपूजन

मामी आली होती गौरी बघायला. पेन पुढं केलं. तिनं चष्मा लावला, टोपण फिरवून काढलं, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर आधी "श्री" लिहिलं, मग स्वतःची पूर्ण सही केली, मामाच्या नावासकट. मग पेन तोंडाजवळ नेऊन मागची घुंडी हुंगली.

"तेलाचा वास गेला की रे याचा," म्हणाली. "ते म्हणायचे, पोरानं कायतरी घातलंय आत."